घुबडाकडून आलेलं गाणं

“अहो सर, बंद करा ना ते, कानात टाचण्या टोचतायत,” काउंटरवरच्या बाई माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले होते. सकाळचे पावणेबारा झाले होते, साडेअकराचे पेशंट उगवलेच नव्हते, आणि मुलीने आदल्या दिवशी पाठवलेलं गाणं कॉम्प्युटरवर लावून मी खुर्चीत रेलून बसलो होतो. मी आवाज कमी केला. “आवाजाचं नाही हो,” बाई म्हणाल्या, “गाणंच कसंतरी झालंय. हे गाणं असं नाहीये. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी हेच चालू असतं, नवऱ्याचं लाडकं आहे. मधे सगळं थांबतं आणि ती टिणटिण येते ना, ती किती हळुवार आहे. इथे कोणीतरी पत्र्यावर खिळा ओढतंय.” एवढं बोलून, फोन वाजला म्हणून त्या गेल्या. मला हसू आलं. सहा वर्षं मी या बाईंना ओळखतो. फोनची घंटासुद्धा त्या सगळ्यात मंजुळ बघून लावतात. त्यांना रॉक कर्कश वाटणार नाही तर काय वाटणार? पण हसू ओठांवर असतानाच मनात पाल चुकचुकली. कर्कश आहे, भिकार आहे, डोकं उठतं, यातलं काहीही त्या म्हणाल्या असत्या तर मी सोडून दिलं असतं. असं नाहीये म्हणजे काय? मग कसं आहे? आणि ते तसं असेल, तर माझ्या मुलीने मला हे काय पाठवलंय?

माझं काम कानांचं आहे. लोक काचेच्या खोलीत बसतात, मी बाहेर. त्यांच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. मी चकती फिरवून एकेक सूर आत सोडतो, ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं, माझ्यासमोर दिवा लागतो, मी कागदावर खूण करतो. खुणा जोडल्या की आलेख तयार होतो, आणि आलेख जिथे घसरतो तिथे कानातल्या यंत्राने जोर लावायचा. एकोणतीस वर्षं हेच चाललंय. “मला सगळं ऐकू येतं, हीच पुटपुटते,” असं म्हणणारे किती नवरे मी त्या खोलीत बसवले असतील, त्याची गणती नाही. त्यांच्या घरच्यांना मी बाहेर घेऊन ठरलेलं सांगतो, की कमी ऐकू यायला लागलं की माणूस संशयी होतो, चारचौघं हसले की आपल्यालाच हसले असं त्याला वाटतं, वाद घालू नका, समोर उभे राहा, तोंड दिसू द्या आणि मग बोला. घरचे माना डोलावतात. ते गेले की मी हात धुतो आणि पुढच्या पेशंटपर्यंत वेळ असेल तर गाणं लावतो. कानांचं काम करणाऱ्याचे कान चांगलेच असले पाहिजेत, आणि माझे आहेत, असं मी तेव्हा कोणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं.

ते गाणं मी एकोणीस वर्षांचा असताना वरच्या मजल्यावरच्या मित्राने दिलं होतं. आमच्या वेळी गाणं पाठवता येत नव्हतं, द्यावं लागायचं, आणि दिलं की देणाऱ्याकडे ते उरायचं नाही. त्याने चार दिवस खळखळ केली, मग कॅसेट हातात ठेवली. आतल्या कार्डावर पेन्सिलने फक्त ‘१२२’ लिहिलेलं होतं. टेपरेकॉर्डरवरचा आकडा एकशेबावीसवर आला की कान दे, एवढाच त्याचा अर्थ. मी कान दिला. चौघांचा तो दणदणाट एकदम थांबला आणि त्या मोकळ्या जागेत ड्रमवाल्याने कुठल्याशा लहान घंटेवर टिणटिण केली, सात वेळा, कोणी दार उघडायची वाट बघत असावं तशी. अंगावर काटा आला होता. पुढे मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा मी तिला स्पीकरसमोर बसवलं, तिचं मनगट धरलं आणि ती जागा आली तेव्हा नुसतं दाबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांत जे काही आहे ते तिथून सुरू झालं, असं मी मानतो. शाळेचे निकाल, ताप, भांडणं, हे सगळं तिच्या आईच्या वाट्याला आलं. माझ्या वाट्याला गाणी आली, आणि मला तो वाटा कधी कमी वाटला नाही.

दोन वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. जायच्या आधी आमचं ठरलं होतं की रोज एकमेकांना काहीतरी पाठवायचं. ख्यालीखुशाली नाही, ती आईसाठी. आमच्यात गाणी, मालिकांमधले प्रसंग, कोणाचं मांजर कपाटावरून पडतं, कोणी जिन्यावर ड्रम वाजवतं, असल्या क्लिप्स. अट एकच, आणि ती माझी. दुसऱ्याकडून आलेलं पुढे ढकलायचं नाही. स्वतः शोधलेलं आणि स्वतःला आवडलेलं तेवढंच. पहिले सोळा महिने सगळं सरळ चाललं. ती लिंक पाठवायची, मी दुपारी उघडायचो, खाली हजारो लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दोघं हसायचो. मग आठ महिन्यांपूर्वी लिंक यायच्या बंद झाल्या आणि फायली यायला लागल्या. लिंक म्हणजे उघडं दुकान, आत काय आहे ते सगळ्यांना दिसतं. फाईल म्हणजे कागदात बांधलेला पुडा. “फाईल कशाला?” मी विचारलं. “लिंकवर जाहिराती लागतात ना बाबा,” ती म्हणाली. उत्तर चोख होतं. मला वाटतं, जरा जास्तच चोख होतं.

बाईंचं ते वाक्य ऐकल्यापासून मला एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि आठवेल ती गोष्ट संशयाच्या बाजूने जाऊन उभी राहायला लागली. हेच गाणं तिने मला आठ महिन्यांत किमान पाच वेळा पाठवलं होतं. “अगं, हे मागच्याच आठवड्यात पाठवलंस.” “परत ऐका ना. आता कसं वाटतंय?” आता म्हणजे? गाणं काय ताप आहे, रोज बघायला? आणि तिचे प्रश्न. पूर्वी ती ‘भारी ना?’ एवढंच विचारायची. हल्ली विचारायची, टिणटिण नीट आली का, मागच्यापेक्षा पुढे वाटली की मागे, शेवटी तो माणूस श्वास घेतो तो ऐकू आला का. असे प्रश्न आवड वाटून घेणारं माणूस विचारत नाही. असे प्रश्न, मागे दुसरंच कोणी बसून विचारायला लावतं. मग त्या पक्ष्यांच्या क्लिप्स. “बाबा, यात किती पक्षी बोलतायत? ऑफिसात पैज लागलीय.” मी चार म्हटलं. “बरोबर!” पुढच्या आठवड्यात किल्ल्या पडतानाची क्लिप, किती किल्ल्या सांगा. त्यानंतर ताटलीवर चमचा. “बरोबर! बरोबर!” मी दर वेळी जिंकत होतो. छप्पन वर्षांच्या माणसाला प्रत्येक पैज जिंकू देणारं ऑफिस कुठलं, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही याचं मला आता नवल वाटतं.

आणि रविवारची मालिका. दर रविवारी दुपारी तीन वाजता ती तिच्या खोलीत आणि मी इथे सोफ्यावर, एकच गुन्ह्यांची मालिका एकाच वेळी लावतो आणि खुनी कोण यावर फोनवर टाइप करून भांडतो. सहा महिन्यांपूर्वी ती म्हणाली, “बाबा, खाली अक्षरं लावा. मी आवाज बंद करून बघते, म्हणजे आपण दोघं सारखंच वाचू.” मी लावली. पण आवाज बंद का? दुपारी तीन वाजता आपल्याच खोलीत मुलगी आवाज बंद करून टीव्ही का बघते? खोलीत कोणीतरी झोपलेलं असतं म्हणून. हे तर कोणीही सांगेल. तिच्या आईला मी हे बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “असेल कोणी मैत्रीण,” आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. तिचंही काहीतरी बिनसलंय, हे मी वर्षभर बघतोय. ती वाचनालयात आहे, हळू बोलण्याचाच पगार घेते, त्यामुळे तिचं पुटपुटणं मी लग्नापासून सहन करत आलोय. पण हल्ली ती मुलीशी फोनवर खालच्या आवाजात बोलत असते आणि मी खोलीत पाऊल टाकलं की एकदम मोठ्याने बोलायला लागते. ज्याला काही लपवायचं असतं तो असाच वागतो. शिवाय माझ्याशी काही बोलायचं झालं की हातातलं काम टाकून, वळसा घालून, बरोब्बर माझ्यासमोर येऊन उभी राहते, जबाब घ्यायला आल्यासारखी. घरात पाणी मुरतंय हे मला कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

त्या दिवशी बारा वाजता मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. गाण्याच्या फाईलवर बोट ठेवून तिची माहिती उघडली. लांबी, तारीख, आणि बनवणाऱ्याच्या रकान्यात एकच शब्द. घुबड. मी आधीच्या फायली उघडल्या. घुबड, घुबड, घुबड. आठ महिन्यांचं प्रत्येक गाणं. म्हणजे ही गाणी तिने पाठवलेली नव्हतीच. घुबड नावाचा कोणी एक माणूस होता, रविवारी दुपारी तिच्या खोलीत तोंड उघडं टाकून झोपणारा, तो ही गाणी निवडत होता, काहीतरी करून बिघडवत होता, आणि मुलगी ती माझ्याकडे ढकलत होती. मला तो दिसायलाही लागला. दाढी असणार. पायजम्याच्या खिशात हात असणार. ‘तुझ्या बाबांना विचार, टिणटिण कशी वाटली,’ असं म्हणून दोघं हसत असणार. मुलीने कोणाबरोबर राहावं यात मला नाक खुपसायचं नव्हतं, शपथेवर सांगतो. उद्या घेऊन आली असती तर त्या दाढीवाल्याला मी माझ्या खुर्चीवर बसवलं असतं. मला एवढंच हवं होतं की ती गाणी तिची असावीत. तिने शोधलेली, तिला आवडलेली, आणि आवडल्याबरोबर ‘बाबा’ असं मनात येऊन पाठवलेली. ते नसेल तर तिच्या-माझ्यात उरलं काय? ‘जेवलात का’ आणि ‘तब्येत सांभाळा’. तेवढ्यावर मला दिवस काढता आले नसते.

मी मूळ गाणं शोधून काढलं. त्या बँडच्या जुन्या कार्यक्रमाची क्लिप होती, लाखो लोकांनी पाहिलेली. लावली. गाणं मला मंद वाटलं, कोणी वर पांघरूण टाकल्यासारखं. कोणीतरी वाईट उतरवून घेतलं असणार. ती जागा आली. चौघं थांबले. ड्रमवाल्याने हात उचलला, घंटेवर काठी आपटली, एकदा, दोनदा, सात वेळा, समोरचे लोक हात वर करून ओरडले. टिणटिण मात्र नव्हती. काठी जात होती, घंटा हलत होती, आणि त्यातून काहीही निघत नव्हतं. मी मागे नेऊन परत लावलं. मग बाईंना हाक मारली. “यात टिणटिण आहे का हो?” “आहे की. केवढी स्पष्ट. हेच ते आमच्या घरचं गाणं, बघा, किती छान वाटतंय.” मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा निरागस होता. पण माझ्या मुलीचा फोन कधी कधी दवाखान्यात येतो आणि तो या बाईच उचलतात, हेही मला त्याच क्षणी आठवलं.

माणसं काहीही सांगतील, यंत्र सांगणार नाही. आमच्याकडे कानातली यंत्रं तपासायची एक पेटी असते. तिच्यात आवाज सोडला की किती जाड आणि किती बारीक आवाज किती जोरात आहे, ते ती कागदावर रेघ काढून दाखवते. मी आधी मूळ गाणं तिच्यात घातलं, मग मुलीचं. दोन्ही रेघा एकाच कागदावर काढल्या. डावीकडे, जाड आवाजांत, त्या एकावर एक बसल्या होत्या. मध्यावर मुलीची रेघ सुटी झाली आणि उजवीकडे, बारीक आवाजांत, चढतच गेली. हा चढ ओळखायला मला चष्माही लागत नाही. दिवसातून चार वेळा मी तो पेशंटच्या यंत्रात भरतो. ज्याचे बारीक आवाज जितके गेले असतील तितकं तिथे वर उचलायचं. कोणीतरी हे गाणं एका विशिष्ट बहिऱ्या माणसाच्या मापाने बेतलं होतं. हात सवयीने पेन्सिलीकडे गेला आणि मी कोपऱ्यात लिहिलंसुद्धा: पुरुष, साठीच्या आसपास, दोन्ही कान, यंत्र आवश्यक. मग लिहिलेलं वाचलं. घुबड म्हातारा होता. माझी तेवीस वर्षांची मुलगी माझ्याहून मोठ्या, कानाने अधू माणसाबरोबर राहत होती, त्याच्यासाठी गाणी दुरुस्त करून घेत होती, आणि त्याचं ऐकून झालं की उरलंसुरलं मला. म्हणून आई-लेकीची कुजबुज. म्हणून दुपारची झोप. सगळं जुळत होतं. इतकं सगळं एकदम जुळल्यामुळे मला क्षणभर बरंही वाटलं.

बाई जेवायच्या सुट्टीआधी कागद गोळा करायला आल्या. रोजचे आलेख नावाप्रमाणे कपाटात लावणं हे त्यांचं काम. टेबलावरचा तो कागद त्यांनी उचलला, माझं कोपऱ्यातलं अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, “सर, याच्यावर नाव राहिलंय. कोणाचा आहे?” मी तोंड उघडलं आणि घुबड हा शब्द काही बाहेर येईना. बाई पेन घेऊन उभ्या. “काय नाव घालू?” माझी नजर भिंतीवर गेली. तिथे माझा स्वतःचा आलेख फ्रेम करून लावलेला आहे. दर वर्षी माझ्या वाढदिवसाच्या आठवड्यात मी स्वतःची तपासणी करतो आणि नवा कागद फ्रेममध्ये घालतो. फूटपट्टीने काढल्यासारखी सरळ रेघ. पेशंट बघून म्हणतात, व्वा सर, काय कान आहेत. तपासणी करायला दुसरं कोणी नसतं, त्यामुळे मी बाहेरच बसतो, हेडफोन लावतो, उजव्या हाताने चकती फिरवून सूर सोडतो आणि डाव्या हाताने बटण दाबतो. डोळे मिटून, अगदी प्रामाणिकपणे. बाई अजून उभ्याच होत्या. मी माझ्या दोन हातांकडे पाहिलं. उजव्याने सोडलं हे डाव्याला कोणी सांगायला लागत नाही. पेशंटने असं केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. एकोणतीस वर्षं कानांत घालवलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं, आणि ते मला कळत नव्हतं असंही नाही. मी फक्त त्याकडे बघत नव्हतो.

“बाई,” मी म्हणालो, “पाच मिनिटं चकती फिरवाल का? तुम्ही रोज बघताच.” मी आत जाऊन बसलो. ते जड दार मी बाहेरून हजारदा लावलंय, आतून लागताना पहिल्यांदा पाहिलं. खुर्ची पेशंटना टोचत असावी, कोणी कधी सांगितलं नाही. जाड सूर आले, मी दाबत गेलो, काचेपलीकडे दिवा लागताना दिसत होता. मग काही येईना. बाई बहुतेक पान उलटत असतील, नाहीतर चकती अडकली असेल, थोडी जुनी झालीच आहे. मी वाट बघत बसलो. सुरू करतील आता. मग माझ्या लक्षात आलं की बाईंचा हात फिरतो आहे. बराच वेळ फिरतो आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, चकती आणखी पुढे नेली, परत माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा ओठ दातांखाली गेला. मला त्यांच्या त्या चेहऱ्याची चीड आली. तो माझा चेहरा होता, मी काचेबाहेर बसून लोकांना दाखवतो तो. शेवटी फार लांबून एक सूर आला आणि मी बटण असं दाबलं की बोट दुखलं. बाईंनी दार उघडलं, दोन्ही कागद शेजारी ठेवले. पेटीतला चढ आणि माझा उतार, एकमेकांत नीट बसत होते, तंतोतंत नाही, पण कोणीतरी महिनोन्महिने अंदाजाने चाचपडत जवळ आलं असावं तितके. मी पेन घेतलं आणि कागदावर माझं नाव लिहिलं.

दुपारचे पेशंट मी पाहिले. कसे पाहिले ते विचारू नका. घरी चालत गेलो. रस्त्यात सायकली जात होत्या आणि मी प्रत्येक सायकलच्या घंटीवरच्या अंगठ्याकडे बघत होतो. पक्षी चार नव्हते तर. किल्ल्या सहा नव्हत्या. ‘बरोबर!’ लिहिताना तिच्या चेहऱ्यावर काय असेल? मला वेड्यात काढलं म्हणून राग येत होता, भयंकर राग येत होता, आणि त्याच्यामागून एकच प्रश्न येत होता. ते गाणं माझ्या मापाचं होईपर्यंत तिने किती वेळा ऐकलं असेल? माझ्या कानांना जे एकोणिसाव्या वर्षीचं गाणं वाटत होतं ते तिच्या चांगल्या कानांना काय वाटत असेल, ते बाईंनी सकाळीच दोन्ही हात कानांवर ठेवून दाखवलं होतं. आठ महिने. मी मधेच एका दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदाराने काहीतरी विचारलं, मी मान हलवली, त्याने पाणी आणून दिलं.

बायकोने दार उघडलं. “कधीपासून?” मी विचारलं. कसलं कधीपासून, असं तिने विचारलं नाही. ओले हात पदराला पुसून ती समोर येऊन उभी राहिली. “दोन वर्षं झाली असतील. ती गेली त्याच्या थोडं आधीपासून.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“सांगितलं की. तीनदा सांगितलं. एकदा तुम्ही म्हणालात, वाचनालयात बसून तुझाच आवाज बसलाय. दुसऱ्यांदा भिंतीवरचा तो कागद दाखवायला मला दवाखान्यात घेऊन गेलात. तिसऱ्यांदा पाच दिवस बोलला नाहीत.” तिने माझ्यामागे दार लावलं. “मग तीच म्हणाली, आई, तू नाद सोड. यंत्र म्हटलं की बाबा अंगावर येतील, गाणं म्हटलं की ऐकतील.”

“घुबड कोण आहे?”

“तिच्या खोलीत राहते ती मुलगी. जाहिरातींना आवाज लावायचं काम करते. रात्रभर जागी आणि दिवसा झोपलेली, म्हणून सगळे घुबड म्हणतात. तुम्हाला काय वाटलं?”

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही. ते मी कोणालाही कधी सांगणार नाही. तिने चहा ठेवला. मी सोफ्यावर बसून फोन लावला. मुलगी ऑफिसातून निघालेली असावी, मागे गाड्यांची घरघर होती. “बाबा? आत्ता?” “मी आज तपासून घेतलं,” मी म्हणालो, “बाईंकडून.” ती खूप भराभर बोलायला लागली. एरवी अशा वेळी मी काय करतो ते मला स्वतःलाच तेव्हा ऐकू आलं. मी ‘हं’ म्हणत होतो. आवाज खाली गेला की हं, थांबला की हं, थोडं हसल्यासारखा वाटला की हसून हं. किती वर्षं मी अशा रिकाम्या जागा भरत आलो असेन, कोण जाणे. “थांब,” मी म्हणालो. “हळू बोल. एकच विचारतो. ते गाणं. ते ऐकताना तुला त्रास होत नाही?”

ती काहीतरी म्हणाली. “काय?” “काही नाही बाबा.”

“काही नाही म्हणू नकोस. सगळ्यांचे घरचे तेच म्हणतात. सांग.”

“म्हटलं, मला ते गाणं आता सहन होत नाही.” ती हसत होती की रडत होती ते मला ठरवता आलं नाही. “कुठेही लागलं तरी मी उठून बाहेर जाते. खरं खरं, मूळ गाणं लागलं तरी. दीडशे वेळा ऐकलंय बाबा. ती टिणटिण आली की मला मळमळतं. तुम्हाला सांगणार नव्हते.”

पंचवीस वर्षं जपलेलं गाणं मी तिला दिलं होतं, मनगट धरून. ते तिने मला परत केलं होतं, पूर्ण, एकही ठोका न गाळता, आणि तिच्याकडे काही उरलं नव्हतं. बायको चहाचे कप हातात घेऊन दारात थांबली होती. “मग ते नको,” मी म्हणालो. “दुसरं पाठव. तुझं तुला हल्ली जे आवडतं ते. आणि फाईल नाही, लिंक. जसं असेल तसं. उद्यापासून माझ्या कानात यंत्र असेल, त्यातून येईल तेवढं मी ऐकेन. जे येणार नाही ते तू मला सांगायचं, कुठे काय वाजतंय ते.”

पलीकडून ती काहीतरी म्हणाली. एक छोटं वाक्य होतं, चारपाच शब्दांचं. त्यावर हं म्हणता आलं असतं.

“परत बोल,” मी म्हणालो. “मला ऐकू नाही आलं.”